भूमिगत पातक आणि त्याचे ख्यापन

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा नगर रस्ता काय किंवा आसनगाव मागे टाकून कसाऱ्याच्या चढणीस लागणारा मुंबई-आग्रा रस्ता काय, दोहोंच्या कडेला जे पेट्रोलपंप उभे आहेत त्यांचा वाटसरूस दिसणारा भाग अल्प असून खरा संचय पायांखाली पुरलेल्या टाक्यांत असतो. आणि टाक्यांखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला काळा पाषाण, व त्या भेगांतून वाट काढीत कोणत्या तरी वाडीच्या विहिरीत उतरणारे पाणी, अशी या प्रांताची घडण आहे. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा 1892 पासून, आणि पुढे भातसाही, मुंबईची तहान भागवीत आली, त्याच तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. तेव्हा एक विहीर नासणे ही येथे लहान गोष्ट नव्हे.

अशा एखाद्या टाकीचा सांधा गंजून तेल थेंबाथेंबाने झिरपू लागले, तर ते पातक कोणाचे? मालकाने तर दररोज टाकीत दांडा बुडवून माप घेतले, वहीत नोंदले; उष्णतेने पेट्रोल फुगते, वाफ होऊन उडते, त्यामुळे हिशेबात थोडी तूट-वाढ व्हायचीच, असे त्याने मानले, आणि त्या मान्य तुटीच्या आडोशाला गळती लपून राहिली. कोणाच्या मनात द्वेष नव्हता, कोणी पाण्यात विष कालविले नाही. स्मृतिकारांनी कामतः म्हणजे जाणून केलेले आणि अकामतः म्हणजे नकळत घडलेले असे पापाचे दोन भेद मानून दुसऱ्यास सौम्य प्रायश्चित्त सांगितले आहे; परंतु तूट महिनोन्‌महिने एकाच दिशेने पडत असता ती पाहूनही तिचा अर्थ न विचारणे, हे या दोहोंपैकी कशात बसवावे? माझ्या मते ते पहिल्यातच बसते. न जाणण्याची तजवीज करणे हेही जाणणेच होय.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, जो 1953 साली निघाला, प्रायश्चित्ताचा आणि शुद्धीचा असे दोन्ही विचार एकत्र आले आहेत. विहिरीत प्राणी मरून पडला असता सगळे पाणी उपसून टाकावे, मग तिची शुद्धी करावी, असा विधी जुन्या ग्रंथांत आहे. त्यामागील समजूत अशी की मळ पाण्यात आहे, पाणी गेले की मळ गेला. पेट्रोलाची जात निराळी. ते पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते, पावसाळ्यात पातळीबरोबर वर चढते, उन्हाळ्यात खाली उतरते, आणि या चढउतारात मुरमाच्या रंध्रारंध्रांत माखून बसते. म्हणून आज उपसलेली विहीर पुढच्या आषाढात पुन्हा वास देऊ लागते. त्यातील बेंझीन पाण्यात विरघळते, आणि ते कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम असून, पेट्रोलात ते शेकडा 1 पर्यंत असू शकते. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलातील बेंझीन आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते.

यास्तव शोध विहिरीशी संपत नाही. टाकीभोवती बोअर घ्यावे लागतात, मातीतील वायू व पाण्यावरील तेलाचा थर मोजावा लागतो, आणि बेसाल्टच्या भेगा कोणत्या दिशेस जातात हे वरून कळत नसल्याने एका बोअरात काही न सापडणे हा निर्दोषतेचा दाखला धरता येत नाही. मग टाकी काढणे, माखलेली माती खणणे, तेल उपसणे, पाणी कोळशातून गाळणे, आणि जमिनीत हवा सोडणे. या शेवटच्या उपायाचे मला फार नवल वाटते: प्राणवायू मिळाला की मातीतलेच सूक्ष्म जीव उरलेले तेल पचवू लागतात. जिचा अपराध केला ती भूमीच अपराध्याच्या प्रायश्चित्तात हात घालते. मात्र आपल्या गतीने, कित्येकदा वर्षे घेऊन.

धर्मशास्त्रात रहस्य-प्रायश्चित्त म्हणून एक प्रकार आहे: जे पाप इतरांस ठाऊक नाही त्याचे प्रायश्चित्त जप-प्राणायामादिकांनी एकांतात करावे. कर्त्याची लाज राखणारी ही व्यवस्था दयाळू खरी, पण शेजारी रोज जे पाणी भरतो त्यातच पाप विरघळले असेल, तर एकांताचा अधिकार कर्त्यास उरत नाही. तेथे मनुस्मृतीतले ख्यापन, म्हणजे आपले कृत्य उघड सांगणे, हेच पहिले कर्म ठरते. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासल्या, तेव्हा 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की आम्ही काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही, शुद्धीचा खर्च प्रदूषकानेच सोसावा. आणि तरीही 2011 साली त्याच न्यायालयाला 37.385 कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम करावा लागला. कबुली नसली की शुद्धीही अडते.

वाचकांत कोणी पंपाचा धनी असेल, तर त्यास माझी विनंती आहे की वहीत तूट सलग दिसू लागताच, बोअरचा अहवाल येण्याची वाट न पाहता, त्याने स्वतः शेजारच्या वाडीत जावे, तपास होईपर्यंत या विहिरीचे पाणी पिऊ नका असे तोंडाने सांगावे, आणि त्या दिवसापासूनचा टँकर आपल्या खर्चाने पाठवावा.