रंगाला पायरी नसते

पावसाळा लागला की इटियाडोह धरणाच्या आसपासच्या गावांत हवामान खात्याचा रंगीत नकाशा मोबाइलवरून फिरू लागतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंगांची भाषा अडाण्यालाही कळते, असे त्याचे कौतुक होते. संगणकातल्या सुरक्षा-खुणांचे समर्थनही याच वाक्याने केले जाते. मला ते उथळ वाटते, आणि धरणाखालच्या गावांसाठी धोक्याचेही.

हे रंग वेगळे न दिसणाऱ्या रंगांधळ्यांचे काय, असे विचारले की त्यांच्यासाठी फोनमध्ये वेगळी सोय असते, असे सांगतात. हे उत्तर पुरत नाही; आपली नजर निराळी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती सोय शोधायला जाणार कशाला?

‘सर्वांची भाषा’ म्हणणारे हटकून रस्त्यावरच्या सिग्नलचा दाखला देतात. पण उभ्या सिग्नलमध्ये लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो; रंग न ओळखणारा जागा पाहून थांबतो. रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा हात आडवा आहे की तिरपा, यावरून चालकाला दिवसा कळे. रंगीत दिवा रात्रीसाठी. या दाखल्यात रंग एकटा कधी नव्हताच. सॉफ्टवेअरने रंग तेवढा उचलला आणि जागा सोडून दिली.

मग निरक्षर माणूस पुढे केला जातो. पण केशरी पिवळ्याच्या वरचा, हे त्याला कुणी सांगितले? तो क्रम ठरवलेला आहे, म्हणजे शिकवावाच लागतो. शिकवायचेच तर १, २, ३ का नको? नोटा मोजणाऱ्या, एसटीच्या तिकिटाचे पैसे जुळवणाऱ्या माणसाला आकडा परका नाही.

फिकट-गडद छटांतून क्रम दिसतो, हे मला मान्य आहे. पण ते काम गडदपणाचे. याच नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून पाहा. हिरवा पिवळ्यापेक्षा गडद उमटतो. इशारा नसलेला जिल्हा इशारा असलेल्या जिल्ह्यापेक्षा काळवंडलेला दिसतो आणि केशरी त्या हिरव्याच्या जवळ जाऊन बसतो. भर दुपारी बांधीत रोवणी करताना मंद पडद्यावर पाहिले, तर धडधाकट डोळ्यांचीही हीच गत. नकाशाखाली खुलासा असतो खरा, पण चित्र कापून पुढे पाठवले की तो उरत नाही. त्यात रंग जिल्ह्याला मिळतो, आणि इटियाडोह भरून वाहू लागले की पाणी गाढवी नदीने गोंदियाची हद्द ओलांडून गडचिरोलीत आरमोरीकडे जाते.

माहिती केवळ रंगातून देऊ नये, हे वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून सांगत आहेत. सायबर सुरक्षेतल्या ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’चे तर नावच सिग्नलवरून आलेले. गोपनीय माहिती कुणापर्यंत जाऊ द्यायची, हे त्यातली लेबले ठरवतात. तिथेही लेबल शब्दांत लिहावे लागते, आणि २०२२च्या आवृत्तीत ‘व्हाइट’ जाऊन ‘क्लिअर’ आले. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मोजतो. त्यांत रंगांधळेपण नाही. म्हणून हा प्रश्न सवलतीच्या चौकटीत बसवू नये.

माझा आग्रह एका भेदापुरता आहे. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे रंग सांगू शकतो. त्यांतली वरची कोणती, हे सांगू शकत नाही. डावा कालवा निळा आणि उजवा तांबडा दाखवला, तर कुणाचे बिघडत नाही, कारण तिथे वेगळेपणच दाखवायचे असते. इशारा मात्र पायऱ्यांचा असतो, आणि एक पायरी चुकली की गुरे गोठ्यात बांधलेली राहतात. म्हणून नकाशात जिल्ह्याच्या नावाशेजारी आकडा हवा, आकड्याशेजारी काय करायचे ते एका क्रियापदात हवे, आणि हे दोन्ही चित्राच्या आतच छापलेले हवे. एवढे केल्यावर रंग हवा तितका भडक द्यावा.