आश्रयाची कसोटी : पीडा की नाम?

राज्याने कोणास आपले म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता राजकारणाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी नीतिविचार आहे. एका समूहास झुकते माप देणारा कायदा न्याय्य ठरतो काय, आणि ठरलाच तर कोणत्या कसोटीवर, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका घेऊ. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील आदिवासीची जमीन शासनाच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीस घेता येत नाही. हा पक्षपात दिसतो खरा. परंतु सावकारीत जमिनी गेल्या, ती हानी पाहून हे संरक्षण दिलेले आहे.

त्याच जिल्ह्यातील चामोर्शी व मुलचेरा भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसविण्यात आले. फाळणीने पंजाब व पेशावरकडील जयकृष्णी अनुयायांनाही घरदार सोडावयास लावले. त्या काळी आलेल्यांसाठी संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात ज्या अटी घातल्या, त्यांत धर्माची अट नव्हती.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने मात्र पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांना सवलत दिली. त्यांच्यासाठी अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आली. नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले.

येथे पूर्वपक्ष असा : हे तिन्ही देश इस्लामला राजधर्म मानणारे, तेथील अल्पसंख्याकांचा छळ झाला, म्हणून त्यांनाच आश्रय. यातील करुणा खोटी नाही. परंतु त्या कलमात छळ हा शब्दच नाही. धर्माचे नाव आहे. पाकिस्तानने १९७४ मध्ये अहमदियांना संविधानाने बिगर-मुस्लिम ठरविले. त्यांचाही छळ धर्मापायीच होतो, तरी यादीत त्यांना स्थान नाही. श्रीलंकेतील तमिळ निर्वासित बहुतांशी हिंदू. तेही देशाच्या नावामुळे बाहेर राहिले. म्हणजे नाम ही कसोटी धरली की स्वधर्मीयही सुटतात.

कोणी म्हणेल, सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी महाराष्ट्रात वास करण्याची आज्ञा केली, तेव्हा भूमीभेद शास्त्रालाही मान्य आहे. परंतु ती आज्ञा साधकाने कोठे राहावे याविषयी आहे, इतरांस कोठून दूर ठेवावे याविषयी नव्हे. आज्ञा करणारे स्वामी स्वतः गुर्जर देशातून आलेले होते.

तात्पर्य, मिळालेली सवलत कोणाची काढून घ्यावी असे नाही. धर्मापायी छळलेला जो कोणी, त्यास ती मिळावी. छळाची शहानिशा कठीण आहे, परंतु ती टाळण्यासाठी नामाचा आधार घेणे हा न्याय नव्हे. त्याचबरोबर आश्रिताला दिलेली भूमी धानोऱ्यासारख्या ठिकाणच्या दुर्बलाची असता कामा नये. दया सर्व राज्याने करावी आणि तिचा भार एकट्या आदिवासीने वाहावा, हेही न्यायास धरून नाही.