रागाने दप्तर उघडत नसतं

तुझा माहिती अधिकाराचा अर्ज वाचला. पारनेर तालुक्यातला पोरगा, माझ्या हाताखाली शिकलेला, आणि असा अर्ज लिहितो? मला लाज वाटली.

चार पानं. त्यात रस्ता, गायरान, रेशन दुकान, नळपाणी, सगळं कोंबलेलं. आपल्या राज्याचा नियम सांगतो की एका अर्जात एकच विषय, आणि तोही दीडशे शब्दांत. शिवाय माहिती कशासाठी हवी ते कोणी विचारू शकत नाही, असं कायद्यात साफ लिहिलं आहे. तरी तू पानभर सरपंचाशी असलेलं भांडण लिहून ठेवलंस. कोणी मागितलं होतं?

आणि मागितलंस काय? "रस्त्यात भ्रष्टाचार का झाला, दोषींवर कारवाई का नाही, याची संपूर्ण माहिती द्यावी." हे उत्तर ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी कोणत्या कपाटातून काढायचं? दप्तरात आहे तेवढंच कायदा मिळवून देतो. "माहिती उपलब्ध नाही" अशी एक ओळ लिहून त्यांनी तुला वाटेला लावलं. ती वाट तूच दाखवलीस.

शाळेसमोरच्या रस्त्याची खडी दुसऱ्याच पावसाळ्यात वर आली, हे मलाही दिसतं. म्हणून तर राग येतो. अरे, त्या रस्त्याचं अंदाजपत्रक असतं, कार्यारंभ आदेश असतो, देयक असतं, काम पूर्ण झाल्याचा दाखला असतो. आणि मोजमाप पुस्तिका असते, जिला सगळे एमबी म्हणतात. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी आकड्यांत लिहून खाली अभियंत्याची सही असते. "अमुक वस्ती ते शाळा या रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची साक्षांकित प्रत द्यावी", एवढीच ओळ लिहिली असतीस तर टेप घेऊन रस्त्यावर उतरता आलं असतं. पुस्तिका पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असेल, तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं ही भाऊसाहेबांची जबाबदारी आहे. वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. हे कलम 2 मध्येच आहे. तू कायदा उघडूनही पाहिला नाहीस.

उत्तर आल्यावर तरी हलायचंस. पहिल्या अपिलाला तीस दिवस होते. कांद्याची लागण होती म्हणालास. पारावर बसून सगळ्यांना चोर म्हणायला मात्र वेळ होता! पहिल्या अपिलात न्याय मिळाला नाही, तर नव्वद दिवसांत नाशिकच्या माहिती आयोगाकडे जाता येतं. वाजवी कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 पर्यंत दंड होतो. पण ही सगळी दारं तारखांना बांधलेली आहेत.

अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी तुझ्याच तालुक्यात आहे. 2000 साली राज्याने केलेला माहितीचा कायदा दुबळा होता. त्याच्या जागी नवा धड कायदा यावा म्हणून अण्णा हजारे 9 ऑगस्ट 2003 रोजी आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली. केंद्राचा कायदा 2005 साली आला. पुढच्याच वर्षी त्यातून फाइलींवरचे शेरे वगळण्याचा घाट घातला गेला, तर हाच माणूस आळंदीला पुन्हा उपाशी बसला. ज्या हक्कासाठी माणसं उपाशी राहिली, तो तू रागाच्या भरात खरडलेल्या चार पानांत वाया घालवलास. अण्णांचे राजकीय निर्णय तुला पटोत न पटोत, या कामाचं मोल जाण.

आता रडत बसू नकोस. अपिलाची मुदत गेली असली तरी नवा अर्ज करायला कोणी अडवलेलं नाही. जोडपत्र 'अ' घे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव. एक रस्ता, एक वर्ष, कागदांची नावं नीट लिही. 'का' हा शब्द कुठेही नको. कच्चं लिहून आधी मला दाखव. अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घे. ती मिळाल्याशिवाय टेबलासमोरून हलायचं नाही. माहिती देण्याचे तीस दिवस त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.