अडगळीतला वाटा

वडूजच्या जुन्या वस्तीत घराला लागून पत्र्याचे छप्पर बहुतेक ठिकाणी दिसते. पूर्वी तिथे बैलगाडी उभी राहायची. पुढे कुणी जीप घेतली, कुणी टेम्पो, आणि त्याच जागेला गॅरेज म्हणू लागले. आता गाडी रस्त्यावर असते आणि छपराखाली अडगळ. नांगराचा फाळ, मोटेचे चाक, जळालेली पाण्याची मोटर, रॉकेलचा स्टोव्ह. खटाव हा पर्जन्यछायेतला तालुका. इथली माणसे पोटासाठी मुंबईला गेली, गिरणीत लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांतले कित्येक जण ट्रंका-वळकट्या घेऊन गावी परतले. त्यातल्या काही ट्रंका अजून अशाच छपराखाली आहेत.

नवी पिढी म्हणते, हे काढा, फरशी घाला, एक खिडकी पाडा. सुनेला शिलाई मशीन टाकता येईल, मुलीला अभ्यासाला जागा होईल. मागणी रास्तच आहे. दोन खोल्यांच्या घरात बारावीच्या मुलीने पुस्तक घेऊन बसायचे तरी कुठे? तरीही काम वर्षानुवर्षे रखडते आणि आपण त्याला आळस म्हणतो. मला वाटते, तो नुसता आळस नसतो. ज्याची ती अडगळ, तो बाप गेलेला असतो, आणि हे सामान आता कुणाचे, हा प्रश्न घरात कुणी उच्चारलेला नसतो.

आवराआवरीत आपण एका बाबतीत फार जपतो. जीर्ण सिपारे, बिस्मिल्लाह छापलेल्या लग्नपत्रिका, उर्दू वर्तमानपत्रांचे कागद भंगारात जात नाहीत. स्वच्छ कापडात बांधून ते पुरतो किंवा वाहत्या पाण्यात थंड करतो. हा अदब चांगला आहे. पण ज्या कलामाच्या कागदाला आपण असे जपतो, त्याच कलामाने सूरह निसामध्ये सांगितले आहे की आईबापांनी मागे ठेवलेल्यात स्त्रियांचाही वाटा आहे, मग ते थोडे असो वा पुष्कळ. 'थोडे' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. "भंगारासाठी कुठे शरीयत काढता?" असे हसून विचारणाऱ्याला त्यात उत्तर आहे.

हिशोब अवघड नाही. दफनाचा खर्च आणि कर्ज फिटले, वसियत असल्यास तीही मर्यादेत पुरी झाली, आणि मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी राहिली (मयताचे आईवडील हयात नाहीत), असे धरू. भंगाराचे ४,००० रुपये आले तर विधवेचा आठवा हिस्सा ५०० रुपये. उरलेल्या ३,५०० चे पाच भाग करायचे: मुलीला ७००, प्रत्येक मुलाला १,४००. सातशे रुपयांनी बहीण श्रीमंत होणार नाही, हे खरे. पण ती रक्कम तिच्या हातात पडली की छपराची जागा, घर यांतही आपला वाटा आहे हे तिलाही आठवते आणि भावालाही. हसण्याने नेमकी हीच आठवण टाळली जाते, अशी मला शंका आहे. १९३७ च्या शरीयत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न वगळला होता. घर आणि सामानसुमान वगळलेले नाही.

"राहू दे भाऊ, मला काय करायचंय त्याचं?" असे बहीण म्हणते, आणि हक्कसोड पत्रावर सही करते. याला आपण तिचा मोठेपणा म्हणतो. पण त्या क्षणी तिच्या मनात काय असते? ईदला माहेरी यायचे असते. बाळंतपणाला, नवऱ्याच्या आजारपणात हाच दरवाजा ठोठवायचा असतो. वाटा मागितला तर तो दरवाजा बंद होईल, हे तिला ठाऊक असते. अशा भीतीपोटी सोडलेला हक्क खुशीने दिलेली देणगी कशी ठरेल? आधी वाटा तिच्या हाती द्यावा. मग तिने परत दिला, तर ती देणगी. क्रम उलटा असेल तर तिला मुखत्यारी उरतच नाही.

मात्र 'सगळ्यांची अमानत आहे' म्हणत कुलूप लावून ठेवणे हाही प्रामाणिकपणा नव्हे. अमानत राखायची असते. छपराखाली लोखंड गंजते, लाकडाला वाळवी लागते, आणि बहिणीचा वाटा न वाटताच मातीत जातो. वर गाडी ठेवायला, सरपण रचायला ती जागा एकटा भाऊच वापरत असतो. म्हणून मी आवरण्याच्या बाजूचा आहे, मुलीच्या टेबलाच्या बाजूचा आहे. फक्त भंगारवाल्याच्या आधी फोन बहिणीला जावा. वहीच्या एका पानावर वस्तू लिहाव्यात, किंमत धरावी. फरशीचा आणि खिडकीचा खर्च कोण करणार, जागेतला बहिणीचा वाटा पुढे कसा चुकता होणार, हेही त्याच पानावर यावे.

आणि आईला सगळ्यांत आधी विचारावे. तिचा आठवा हिस्सा तर बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानातही नसतो. ती कदाचित पैसे नको म्हणेल, गिरणीतून आलेली ती ट्रंकच हिश्श्यात मागेल. मग ट्रंक नव्या खोलीत राहील आणि मुलीचे टेबल हातभर सरकवावे लागेल.