राग गिळावा, काढावा की सांगावा?

आपल्या मराठी भाषेत रागासंबंधाने तीन प्रकारचे बोलणे नित्य ऐकू येते. कोणी राग गिळतो, कोणी राग काढतो, तर कोणी राग बोलून दाखवितो. पहिल्याला आपण सहनशील म्हणतो, दुसऱ्याला तापट म्हणतो, आणि तिसऱ्याकडे बहुधा आपले लक्षच जात नाही. ह्या तिहींपैकी मनुष्याच्या हिताचा मार्ग कोणता, ह्याचा आज आपण विचार करू. हा विषय केवळ पुस्तकी नव्हे. तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आतला आहे, आणि माझ्या घराचाही त्यास अपवाद नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका बैठकीस मी गेलो होतो. तेथे हिशेबाच्या एका बाबीवरून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सर्वांदेखत माझा उपमर्द केला. माझ्या वहीतील आकडे बरोबर होते. परंतु भर सभेत वाद घालणे शोभत नाही असे मानून मी गप्प राहिलो. कित्येकांनी माझ्या शांतपणाची वाखाणणीही केली. सायंकाळच्या एस. टी. ने घरी येईपर्यंत ती सभा मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा भरविली, आणि दर खेपेस त्या गृहस्थांस अधिकच बोचरे उत्तर दिले. मी घरात पाऊल टाकतो तोच माझी नऊ वर्षांची मुलगी शेजारून दुधाचा तांब्या घेऊन येताना उंबऱ्यास अडखळली आणि दूध सांडले. मी तिच्या थोबाडीत मारली.

रात्री मुले निजल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, ह्या लेकराने तुमचे काय केले होते? जे त्यांना बोलायचे, ते हिच्या गालावर काढलेत."

मी निरुत्तर झालो. पुढे कित्येक दिवस मी खुंटीवरचा पंचा घेण्यासाठी हात वर केला, तरी ती पोर मान आत ओढून घेई. ज्या शांतपणाची सभेत वाखाणणी झाली, त्याची किंमत कोणी भरली, हे मला त्या झुकलेल्या मानेकडे पाहून कळले.

"वड्याचे तेल वांग्यावर" ही म्हण आपण हसत वापरतो. परंतु तिच्यात एक भयंकर सत्य आहे. पाण्याप्रमाणे राग उताराकडे धावतो. मालक मुकादमाला बोलतो, मुकादम मजुराला, मजूर घरी येऊन बायकोला, बायको मुलाला, आणि मूल दावणीच्या वासराला काठी मारते. ज्यास उलट उत्तर देता येत नाही, त्याच्यापाशी येऊन राग थांबतो. म्हणून जो राग गिळतो तो पुष्कळदा राग सोडून देत नाही. तो केवळ दुसऱ्या दारी घेऊन जातो. कित्येक जण तो दारूच्या गुत्त्यावर नेतात, आणि तेथून तो दुप्पट होऊन घरी येतो.

कोणी म्हणेल, "तर मग राग आला की लगेच बाहेर काढून टाकावा हेच बरे. बंधाऱ्याला सांडवा नसेल तर बंधारा फुटतो." हा दृष्टांत शेतकऱ्याच्या मनास चटकन पटण्याजोगा आहे, आणि पुष्कळ दिवस विद्वानांचेही मत असेच होते की, उशीवर किंवा पोत्यावर ठोसे मारावे, ओरडावे, भांडी आपटावी, म्हणजे राग निघून जातो. परंतु ह्या मताची परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन ह्यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांची मुद्दाम कठोर निंदा करून त्यांस राग आणविण्यात आला. मग काहींस निंदा करणाऱ्याचे स्मरण करीत ठोसे मारण्याच्या पिशवीवर ठोसे मारावयास सांगितले. काहींस केवळ व्यायाम म्हणून ठोसे मारावयास सांगितले. आणि काहींस काहीच न करता दोन मिनिटे स्वस्थ बसविले. पुढे असे दिसून आले की, शत्रूचे स्मरण करीत ठोसे मारणारे सर्वांत अधिक रागावलेले राहिले, आणि स्वस्थ बसलेले सर्वांत कमी त्रासदायक वागले. २०२४ साली बुशमन आणि सोफी क्यार्विक ह्यांनी दहा हजारांहून अधिक माणसांवर झालेले १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. शरीरास शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे दीर्घ श्वास, स्वस्थ बसणे, अंग सैल सोडणे इत्यादींनी, राग उतरतो. केवळ धापा टाकावयास लावणाऱ्या श्रमांनी एकंदरीत तो उतरत नाही, असेच त्यांत आढळले.

ह्यावरून काय सिद्ध होते? राग हा बंधाऱ्यातील पाण्यासारखा असण्यापेक्षा चुलीतल्या विस्तवासारखा अधिक आहे. पाणी सोडले की कमी होते. विस्तव फुंकला की वाढतो. एस. टी. त बसून मी जी सभा मनात भरवीत होतो, ती फुंकणीच होती. आणि पारावर बसून, भेटेल त्याला तीच कागाळी दहा वेळा सांगणारा मनुष्यही फुंकणीच चालवितो; मग त्यास तो "मन मोकळे करणे" असे कितीही गोड नाव देवो.

तर मग विस्तव विझेपर्यंत थांबावे, ही पहिली पायरी होय. रोमी तत्त्वज्ञ सेनेका ह्याने पहिल्या शतकात रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, आणि विलंब हाच रागावरचा मोठा उपाय असे त्यात प्रतिपादन केले. त्याच शतकातील प्रेषित पौलाने इफिस येथील मंडळीस मात्र असा बोध केला की, राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नये. एकाने थांबावयास सांगितले, दुसऱ्याने थांबण्यास मर्यादा घातली. हे दोन्ही उपदेश मिळून एक पूर्ण उपदेश होतो असे मला वाटते. थांबावे, पण विसरल्याचे सोंग करू नये. कारण श्वास शांत झाला तरी अन्याय तेथेच असतो. माझ्या वहीतील आकडे रात्रीही बरोबरच होते.

येथे तिसरा मार्ग सुरू होतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच गावांत आहे. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसत आणि ओव्या गात. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ ह्यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने ह्या ओव्या गोळा करण्याचे काम केले. १,००० हून अधिक गावांतील ३,००० हून अधिक स्त्रियांनी गाइलेल्या १,००,००० हून अधिक ओव्या त्या संग्रहात आहेत. त्यांत देवाची भक्ती आहे, भावाची माया आहे, लेकराचे कौतुक आहे. आणि त्याबरोबरच सासरचा जाच, नवऱ्याचा मार, माहेराची ताटातूट आणि सीतेच्या वनवासाचे दुःखही आहे. जी सून दिवसा सासूपुढे तोंड उघडीत नसे, ती पहाटे जात्यालाच देव मानून त्याला आपले गाऱ्हाणे सांगत असे.

कोणी म्हणेल, दळण्याच्या श्रमाने त्यांचा राग उतरत असेल. परंतु जाते रागानेही फिरविता येते, आणि केवळ घाम गाळून राग जात नाही हे आपण वर पाहिले. माझ्या मते जात्यापाशी तीन गोष्टी एकत्र येत. पहिली, ओवीच्या लयीत श्वास संथ होई. दुसरी, ज्या दुःखाला नाव नव्हते त्याला शब्द मिळत. तिसरी, समोर खुंट्याला हात लावून बसलेली दुसरी स्त्री ते ऐके, आणि बहुधा तिचेही दुःख तेच असे. ह्यात कोणाच्या गालावर हात पडत नसे, आणि दुःख गिळलेही जात नसे. तथापि एक गोष्ट विसरू नये. ओवी गाऊन मार थांबत नसे. ज्या समाजाने ओवी ऐकली आणि मार चालू ठेवला, त्याचा दोष गाणारीवर नव्हे, ऐकणाऱ्यांवर आहे.

शास्त्रातही हा मार्ग आहे. दीडशे स्तोत्रांपैकी पुष्कळ स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. आपण ती वाचताना आवाज हळू करतो, जणू काय ती चुकून पुस्तकात आली. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. एकशे सदतिसाव्या स्तोत्राच्या शेवटी जो संताप आहे तो वाचून अंगावर काटा येतो. तरी ते लेखक शत्रूच्या घरी गेले नाहीत. ते देवापुढे गेले आणि जे मनात होते ते न लपविता बोलले. देवाला राग सांगणे ही अश्रद्धा असती, तर ती स्तोत्रे भक्तांनी इतकी शतके जपली नसती. जो प्रार्थनेत केवळ गोड शब्द बोलतो, त्याचे कडू शब्द घरच्यांच्या वाट्यास येतात.

लिहून काढणे हाही सांगण्याचाच एक प्रकार आहे. १९८६ साली जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटे लेखन केले. ज्यांनी आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशदायक प्रसंग, त्यातील घटना व भावना ह्या दोहोंसह लिहिला, त्यांस लिहिल्याबरोबर वाईटच वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत क्षुल्लक विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांस दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. सांगणे हे औषध कडू आहे, हेही ह्यावरून कळते.

आता सर्वांत कठीण प्रश्न. राग न्याय्य असेल तर? ज्याचे पाणी तोडले, ज्याची मजुरी बुडविली, ज्याच्या लेकीचा अपमान झाला, त्यास "शांत हो" एवढेच सांगणे हा उपदेश नव्हे. ते अन्यायास साहाय्य होय. अशा रागाला योग्य दार दाखविले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे गेली आणि त्यांनी ते पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, पुष्कळ जण जखमी झाले, आणि सूड घ्यावा अशी भावना उसळली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस हात उगारू दिला नाही. लढा न्यायालयात गेला, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तो राग गिळला गेला नाही, आणि दुर्बळावर काढलाही गेला नाही. ज्याला उत्तर द्यावयाचे होते, त्याच्याच दारी तो दहा वर्षे उभा राहिला. धीर म्हणतात तो हा.

म्हणून बंधुभगिनींनो, माझी विनंती एवढीच की, राग आला असता ह्या चार गोष्टी ध्यानात धराव्या. घरात शिरण्यापूर्वी विहिरीवर किंवा झाडाखाली थोडा वेळ बसावे, आणि श्वास सावकाश सोडावा. मग राग कोणावर आहे, त्याचे नाव मनाशी स्पष्ट घ्यावे. नाव घेतले की तो राग लेकरावर किंवा बैलावर नव्हे हे आपोआप कळते. त्यानंतर तो एकाच विश्वासू माणसाला सांगावा, जो तिखटमीठ लावणार नाही आणि गावभर नेणार नाही. आणि शेवटी, होईल तर, ज्याने दुखविले त्यालाच एकांतात भेटून सांगावा. मात्र जेथे जिवाला भय आहे तेथे एकट्याने जाऊ नये. ज्या बहिणीला घरात मार सोसावा लागतो तिला हे सर्व सांगत बसू नये. तिच्यासाठी २००५ चा कायदा आहे, आणि १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. ज्याच्या मनावरचा भार कोणालाच सांगवत नाही, त्याच्यासाठी सरकारने २०२२ साली "टेलि-मानस" ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य व आपल्या भाषेत बोलता येते.

मंडळीत सेवा करणाऱ्या माझ्या बंधूंस आणखी एक शब्द. आपल्याकडे कोणी राग घेऊन आला, तर त्यास लगेच क्षमेचे वचन ऐकवू नये. आधी त्याचे ऐकावे. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात असे, तो दळण हलके करण्यासाठीच.

माझ्या गोष्टीचा शेवट सांगतो. पुढच्या आठवड्यात वही घेऊन मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो, आणि त्या दिवशी मला काय वाटले ते सांगितले. त्यांनी चूक कबूल केली नाही. चहा मात्र पाजला. तरी परत येताना एस. टी. त मी सभा भरविली नाही. त्याआधी, मार दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी मुलीजवळ बसून म्हणालो, "बाळ, तुझे काही चुकले नव्हते. मी दुसऱ्याचा राग तुझ्यावर काढला. माझी चूक झाली."

ती काही बोलली नाही. मान आत ओढून घेण्याची तिची सवय मोडावयास बरेच महिने लागले. मारावयास एक क्षण पुरला होता.