वाळूची टेकडी

वाळूवर घर बांधू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात आम्ही सुमारे २२५ मीटर उंचीची वाळूची टेकडी पाहिली आणि थक्क झालो. ही वाळू टिकते कशी? वारा ती डोंगराकडे ढकलतो, मेदानो ओढा ती पुन्हा मैदानात आणून सोडतो. या देवघेवीवरच टेकड्या उभ्या आहेत.

चढताना उमटलेली आमची पावले उतरेपर्यंत वाऱ्याने पुसली होती. आपण मात्र बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरतो. धरून ठेवलेले आपल्यामागे किती काळ आपले राहणार? आज घरी गेल्यावर, निदान एक हाक तरी आपण आधी मारू या.