भिंत, आवाज आणि ऋण : घरगुती संगीत-चित्रफितीचा नैतिक प्रश्न

१

स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने, विद्यालय वा ध्वनिमुद्रण-संस्था यांपैकी कशाचाही आधार न घेता आपल्या गीताची चित्रफीत तयार करणारा स्वयंशिक्षित गायक ही गेल्या दोन दशकांत सर्वपरिचित झालेली सांस्कृतिक आकृती आहे. तिच्याविषयी दोन परस्परविरोधी भूमिका आढळतात. पहिलीनुसार ही निर्मिती केवळ हौशी, आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरची ठरते. दुसरीनुसार ती अनघड आहे, आणि अनघड आहे म्हणूनच प्रामाणिक आहे. पहिली भूमिका उपेक्षेची असल्याने तिचा प्रतिवाद सोपा आहे. दुसरी भूमिका सहानुभूतीची असल्याने तिच्यात दडलेले नैतिक विधान सहसा तपासले जात नाही. अनघडपणा आणि प्रामाणिकपणा यांचा संबंध खरोखर अनिवार्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक खोली डोळ्यांसमोर ठेवावी. वर्धा मार्गावरून लोहमार्ग ओलांडला की नागपूरचे मनीषनगर लागते. सदनिकांच्या या मध्यमवर्गीय वसाहतीत एखाद्या तरुणाने स्वतःचे गीत मुद्रित करायचे ठरवले, तर त्याचा पहिला झगडा स्वरांशी नसतो, तो घराशी असतो. प्रतिध्वनी शोषला जावा म्हणून भिंतीला गादी टेकवावी लागते. मे महिन्यातही कूलर बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी आणि मालगाडीचा भोंगा यांच्या मधल्या फटीत कडवे बसवावे लागते. आवाज असा आधी मुद्रित होतो. चित्रण नंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, पुस्तकांच्या चळतीवर भ्रमणध्वनी उभा करून केले जाते. मुद्रित गीत वाजत असते आणि गायक त्यावर ओठ हलवीत असतो. ज्या भिंतीवर गादी होती ती चित्रात बहुधा मोकळी दिसते.

२

या प्रक्रियेवर घेतला जाणारा पहिला आक्षेप असत्याचा आहे. ज्या क्षणी गायक गाताना दिसतो त्या क्षणी तो गात नसतो. या आक्षेपात तथ्य असले तरी तो फार दूर जात नाही. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी आवृत्तीने, ‘धूपछाँव’ने, पार्श्वगायनाची रीत रुळवली. तेव्हापासून भारतीय प्रेक्षकाने दिसणारे ओठ आणि ऐकू येणारा कंठ भिन्न असू शकतात हा संकेत मनोमन मान्य केलेला आहे. संकेत उभयपक्षी ठाऊक असतो तेथे फसवणूक संभवत नाही. घरगुती चित्रफितीत तर ओठ आणि कंठ एकाच व्यक्तीचे असतात. कालची स्वतःची अनुकृती आज स्वतःच करावी लागणे हा एक विलक्षण अनुभव आहे खरा. चुकलेली जागाही तशीच चुकवावी लागते, आणि गायक स्वतःच्या आवाजाचा नट बनतो. परंतु यात नैतिक दोष नाही.

प्रश्न खरा उभा राहतो तो आवाजाच्या नव्हे, खोलीच्या संदर्भात. खोली लपवावी की दाखवावी?

३

अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी तीन येथे विशेष उपयोगी पडतात. पहिले, स्वतःच्या वा परक्याच्या म्हणून जाणवणाऱ्या विशिष्ट देशकालाचा आवेश. दुसरे, प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य. तिसरे, अप्रधानता, म्हणजे जे गौण आहे त्याने प्रधानाची जागा घेणे. नाट्यप्रयोगात नटाचे लौकिक व्यक्तित्व झाकण्यासाठी पूर्वरंग, वेष, नाट्यधर्मी यांची योजना असते. अमुक गावचा, अमुक घरचा माणूस समोर आहे ही जाणीव मावळल्याखेरीज भावाचे साधारणीकरण होत नाही.

या दृष्टीने पाहता घरगुती चित्रफीत जणू विघ्नांचे आगरच ठरते. विशिष्ट घर, विशिष्ट पलंग, विशिष्ट दुपार, सारे चौकटीत हजर असते, आणि साधनांचे वैकल्य तर उघडच असते. खोली लपवण्याची धडपड याच जाणिवेतून होते. उसना पडदा लावला जातो, अंधार केला जातो किंवा गच्चीवर जाऊन आकाशाची पार्श्वभूमी घेतली जाते. असे लपवणे हा खोटेपणा नव्हे. रसिकाचे लक्ष गीतावर राहावे यासाठी केलेला तो गरिबीतला पूर्वरंग आहे. अनघडपणाचे पुरस्कर्ते त्याला दिखाऊ म्हणून हिणवतात, तेव्हा ते एका प्रामाणिक कलाहेतूवर अन्याय करतात.

तथापि खोली दाखवणाऱ्याचीही बाजू आहे. जे स्थळ व्यावसायिक चित्रणात कधीच येत नाही, ते दाखवणे हाच काही वेळा गीताचा आशय असतो. येथे एक प्रत्यक्ष उदाहरण पाहणे इष्ट. मुंबईतील कुर्ल्याच्या नावेद शेख, अर्थात नेझी, या तरुण रॅपरने २०१४ साली ‘आफत’ हे गीत एका आयपॅडवर मुद्रित केले आणि त्याचे चित्रणही त्याच आयपॅडवर केले. त्याचे शिक्षण कोणत्याही उस्तादापुढे बसून झालेले नव्हते. शॉन पॉलसारख्या दूरदेशीच्या गायकाची गाणी ऐकून, त्यांची नक्कल करून ते झाले होते. गीतात मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी होती आणि चित्रात कुर्ल्याची वस्ती होती. येथे वस्ती ही अडगळ नव्हती. गीत ज्या ठिकाणाहून बोलते त्या ठिकाणाचा तो पत्ता होता. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर केलेल्या लघुपटाचे ‘बॉम्बे ७०’ हे नाव कुर्ला पश्चिमेच्या पिनकोडवरून आलेले आहे, हे या दृष्टीने सूचक होय.

पुढचा टप्पाही तितकाच सूचक आहे. नेझी आणि डिव्हाइन यांच्या जीवनापासून प्रेरणा घेऊन झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ साली आला, आणि गल्ली हा बहुव्ययी व्यावसायिक चित्रपटाचा नेपथ्यविषय झाला. यात कोणाचा अपराध शोधण्याचे कारण नाही. सिद्ध होते ते इतकेच की लोकधर्मी वाटणारी खूण पुनरावृत्तीने नाट्यधर्मी बनते. उघडी वीट, लोंबकळती तार, दोरीवरचे कपडे यांचाही वेष होऊ शकतो. मनीषनगरच्या सदनिकेत राहणारा तरुण चित्रणासाठी भिंतीचा पोपडा शोधू लागतो, तेव्हा अनघडपणा हा प्रामाणिकपणाचा पुरावा उरत नाही. त्या क्षणी तिसरे विघ्न, अप्रधानता, प्रकट होते. खोली गीतासाठी नसून गीत खोलीसाठी असते. तंत्राच्या त्रुटींपेक्षा हे विघ्न अधिक घातक आहे, कारण त्रुटी रसिक क्षमा करू शकतो, परंतु कशाकडे पाहायचे हेच जर निर्मात्याने बदलून टाकले असेल तर क्षमेला विषयच उरत नाही.

४

मग प्रामाणिकपणा शोधायचा कोठे? चित्राच्या पोतात तो नसेल, तर निर्मात्याने स्वतःविषयी केलेल्या दाव्यात तो शोधावा लागतो. घरगुती चित्रफितीबरोबर एक वाक्य नेहमी येते : हे सारे एकट्याने केले. या वाक्याची परीक्षा आवश्यक आहे.

घरात घडलेल्या निर्मितीचे मराठी परंपरेतील सर्वांत मोठे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ बव्हंशी घराच्या आधाराने उभा राहिला. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि सबंध चमूचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी केली. पडद्यावर त्यांचे काहीच दिसत नाही, पण ज्या पट्टीवर सारे दिसते ती पट्टी त्यांच्या हाताखालून गेलेली होती. ‘एकट्याने केले’ या वाक्यातून नेमकी हीच माणसे गळतात. मनीषनगरच्या त्या खोलीत कूलर बंद करून घामात बसलेले वडील, कुकर अर्धा तास उशिरा लावणारी आई, सातव्यांदा तेच कडवे भिंतीपलीकडून निमूट ऐकणारे शेजारी यांचे मौन त्या ध्वनिमुद्रणात अक्षरशः सामील असते. ते मौन नसते तर गीत ऐकूच आले नसते.

दुसरे ऋण गुरूचे. स्वयंशिक्षित म्हणजे गुरुहीन नव्हे, हे महाभारतातील एकलव्याची कथा सांगते. मातीच्या मूर्तीसमोर शिकलेल्याने स्वतःला स्वयंभू म्हणवले नाही, त्याने द्रोणाचे नाव घेतले. त्याची किंमत मागणाऱ्याचा अन्याय उघड आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु नाव घेण्याची कृती अन्यायापूर्वीची आणि स्वतंत्र होती. आजच्या स्वयंशिक्षिताची मातीची मूर्ती म्हणजे मुद्रित आवाज. तो असंख्य वेळा ऐकता येतो, थांबवून पुन्हा लावता येतो, आणि तो अंगठा मागत नाही. दक्षिणा मागितलीच जात नाही, म्हणून ऋण नाहीसे होत नाही. ते फक्त शिकणाऱ्याच्या सद्‌सद्विवेकावर सोपवले जाते. कोणा अनोळखी वादकाचा तयार ठेका महाजालावरून घेऊन त्यावर गीत रचणाऱ्याच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा राहत नाही, कर्तृत्वाच्या वाटपाचा होतो.

५

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलेचा विचार लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये सतत हेलकावत असतो असे दाखवले. घरगुती चित्रफितीत हे दोन्ही ध्रुव एकाच दहा फुटी खोलीत येऊन भेटतात. गीताला घरापासून मुक्त व्हायचे असते, आणि त्याच वेळी ते घराचे देणे लागते. या ताणाचे निराकरण खोली दाखवून होत नाही, तसे ती लपवूनही होत नाही. गीत ऐकताना रसिक भिंत विसरला तर ते गीताचे यश मानावे. रसिकाचा तो हक्कच आहे. गायकाला मात्र तो हक्क नाही. चित्रफितीच्या अखेरीस काही क्षण झळकणाऱ्या अक्षरांत ठेका रचणाऱ्याचे, ज्यांच्या मुद्रणांवरून शिकणे झाले त्यांचे आणि कूलर बंद करून बसलेल्यांचे नाव आहे की नाही, ही बाब कलाबाह्य शिष्टाचाराची म्हणून सहसा बाजूला ठेवली जाते. वरील विवेचन ग्राह्य मानल्यास ती तशी बाजूला ठेवता येणार नाही, कारण अनघडपणावर सोपवलेला प्रामाणिकपणाचा भार प्रत्यक्षात ती चार-सहा नावेच वाहत असतात.